घसा लाल दिसला म्हणजे ॲसिडच, असं नाहीये

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की दुर्बिणीतून स्वरयंत्राची मागची बाजू लाल, सुजलेली दिसली म्हणजे झालं, ॲसिड घशापर्यंत येतंय हे पक्कं. अहो नाही. तशी लाली काहीच त्रास नसलेल्या लोकांतही दिसते, शिवाय ॲलर्जी, सिगरेट, सारखं खाकरणं, दिवसभर मोठ्याने शिकवणं यानेही घसा तसाच दिसतो, आणि तोच घसा दोन डॉक्टरांनी बघितला तर दोघांचं मत वेगळं पडू शकतं.

लक्षणांचंही तेच. २००२ साली आलेली एक प्रश्नावली आहे, ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, एकूण १३ च्या वर गेले की रिफ्लक्सचा, म्हणजे पोटातलं ॲसिड वर येण्याचा, संशय घ्यायचा. फक्त संशय! आवाज बसणं, घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं, खोकला, हे दुसऱ्या कारणांनीही होतंच ना. आणि छातीत जळजळ नाही म्हणून रिफ्लक्स नाही, हेही चूक, बऱ्याच जणांना ती होतच नाही.

जास्त खात्रीने कळायला २४ तासांची पीएच-इम्पीडन्स टेस्ट असते, नाकातून बारीक नळी घालतात, तुम्ही घरी जेवता-झोपता आणि ती किती वेळा काय वर आलं ते नोंदवत राहते.

रात्री उशिरा सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, खाऊन लगेच आडवं होऊ नका, ते ठीकच, पण काकू, आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, किंवा गिळताना अडकत असेल, तर ॲसिडच्या गोळ्यांवर दिवस काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.