ब्रॉडवेच्या नाटकात गाणं कथेचं झालं, त्याची गोष्ट

1944 च्या सुरुवातीला 'व्हरायटी' या नाट्य-चित्रपट व्यवसायाच्या अमेरिकन साप्ताहिकात एक विचित्र जाहिरात आली. देणारा गीतकार ऑस्कर हॅमरस्टीन. त्याची दोन नाटकं तेव्हा ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, जोरात चालली होती. पण जाहिरातीत यादी होती ती पडलेल्या नाटकांची. कुठलं सहा आठवडे चाललं, कुठलं पाच, तर एक जेमतेम तीन. आणि खाली ओळ: हे मी याआधी करून दाखवलंय, पुन्हाही करू शकतो!

यादीतलं 'सनी रिव्हर' सेंट जेम्स थिएटरात आपटलं होतं. त्याच सेंट जेम्समध्ये आता त्याचंच 'ओक्लाहोमा!' हाउसफुल चाललं होतं.

अमेरिकन म्युझिकलचा, म्हणजे तिथल्या संगीत नाटकाचा, इतिहास सांगताना बहुतेक जण 1866 पासून, न्यूयॉर्कच्या निब्लोज गार्डनमधल्या 'द ब्लॅक क्रूक'पासून सुरुवात करतात. पाच तासांहून लांब चाललेला तो एक भपकेदार तमाशा होता: थोडं नाटक, पुष्कळ बॅले आणि यंत्रांच्या करामती. पुढची पन्नास-साठ वर्षं व्हॉडव्हिल (गाणी, विनोद, कसरती अशा फुटकळ करमणुकीचे खेळ), व्हिएन्नाच्या वळणाचे ऑपरेटा (हलकेफुलके ऑपेरा) आणि निर्माता झीगफेल्डच्या नटव्या रिव्ह्यूंची, म्हणजे सलग कथा नसलेल्या नाचगाण्यांच्या खेळांची. गाण्याचा नाटकाशी संबंध असलाच पाहिजे असा कुणाचाच आग्रह नव्हता. लंडनहून आलेल्या नाटकात इथल्या संगीतकाराची दोन-चार गाणी घुसडायची, हा रिवाजच होता. जेरोम कर्न हा पुढे मोठा झालेला संगीतकार याच घुसडीतून वर आला. त्यानंतर 299 खुर्च्यांच्या प्रिन्सेस थिएटरात त्याने गाय बोल्टन आणि पी. जी. वुडहाउस (होय, जीव्ह्जवाला वुडहाउस) यांच्यासोबत छोटी, चटपटीत नाटकं केली. तिथे गाणी निदान पात्रांच्या तोंडी शोभायला लागली.

या इतिहासात एक नाव नेहमी घाईत उरकलं जातं, ते 'शफल अलाँग'चं. 1921. नोबल सिसल आणि यूबी ब्लेक यांची गाणी. लेखक, संगीतकार, नट सगळे कृष्णवर्णीय. पाचशेच्या वर प्रयोग झाले. ब्रॉडवेच्या पायात जॅझची लय आली त्यात या नाटकाचा वाटा मोठा आहे, श्रेय मात्र त्या मानाने फारच कमी मिळालं.

हॅमरस्टीनचे आजोबा ऑपेरा हाउस बांधणारे, वडील व्हॉडव्हिल थिएटर चालवणारे. पोराने वकील व्हावं ही घरची इच्छा. त्याने कायद्याचं शिक्षण सोडलं. 1927 मध्ये कर्नबरोबर त्याने एडना फर्बरच्या कादंबरीवरून 'शो बोट' केलं. मिसिसिपी नदीवरची तरंगती नाटक कंपनी. नायिका नव्हे, पण नाटकाचा प्राण असलेली ज्यूली गोरी म्हणून वावरते. तिच्यात कृष्णवर्णीय रक्त आहे, आणि तिचा नवरा गोरा, म्हणजे तिथल्या कायद्याने गुन्हा. शेरीफ येतोय हे कळताच नवरा तिच्या बोटावर सुरी फिरवतो आणि तिचं रक्त चोखतो: आता माझ्याही अंगात तेच रक्त आहे, मग गुन्हा कसला? रिव्ह्यूच्या बादशहाने, झीगफेल्डने, हे नाटक रंगमंचावर आणलं, याचं आजही नवल वाटतं. माझ्या मते खरी क्रांती इथेच झाली, 'ओक्लाहोमा!'ने ती रूढ केली.

मधल्या दशकात हॅमरस्टीन पडतच गेला. दुसरीकडे संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि गीतकार लोरेन्झ हार्ट ही जोडी गाजत होती. हार्टसारखी मिश्कील, टोकदार यमकं हॅमरस्टीनला कधीच जमली नाहीत. पण हार्ट दारूत बुडाला, आणि रॉजर्सने हॅमरस्टीनला हाताशी घेतलं. कामाची रीतच उलटली. हार्टबरोबर बहुधा आधी चाल, मग शब्द. आता आधी शब्द. हॅमरस्टीन एकेका गीतावर आठवडेच्या आठवडे बसे, रॉजर्स काही मिनिटांत चाल लावी. आधी शब्द म्हणजे आधी पात्र, त्याचा प्रसंग, त्याची बोली.

31 मार्च 1943 ला 'ओक्लाहोमा!'चा पडदा उघडला. नाचणाऱ्या मुलींचा ताफा नाही. एक म्हातारी एकटीच लोणी काढत बसलीय, आणि विंगेतून काऊबॉयचा आवाज येतो, सकाळ किती सुंदर आहे म्हणून. नायिकेच्या मनातली भीती नृत्यदिग्दर्शिका अ‍ॅग्नेस डी मिलने स्वप्नातल्या बॅलेतून दाखवली. 2,212 प्रयोग झाले. पुढे 'कॅरोसेल', 'साउथ पॅसिफिक', 'द किंग अँड आय', 'द साउंड ऑफ म्युझिक'. एक मात्र या जोडीला साधलं नाही: बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चं म्युझिकल. त्यांनी नाद सोडला. लर्नर आणि लो यांनी 1956 मध्ये त्याचंच 'माय फेअर लेडी' केलं आणि 'ओक्लाहोमा!'चा विक्रम मोडला. पुलंची 'ती फुलराणी' याच शॉच्या नाटकावरून आली.

हॅमरस्टीनच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेताजवळ स्टीफन साँडहाइम नावाचा मुलगा राहायचा. आईवडील विभक्त झालेले, त्यामुळे तो हॅमरस्टीनच्याच घरी पडलेला. पंधराव्या वर्षी शाळेसाठी लिहिलेलं म्युझिकल घेऊन तो आला आणि म्हणाला, मी अनोळखी आहे असं समजून वाचा. हॅमरस्टीनने सांगितलं, याच्याइतकं वाईट मी काही वाचलेलं नाही. मग त्याच दुपारी पहिल्या रंगसूचनेपासून एकेक ओळ घेऊन का वाईट ते समजावलं. पुढे चार म्युझिकल लिहायला लावली: आवडत्या नाटकावरून एक, सदोष नाटकावरून एक, नाटक नसलेल्या मजकुरावरून एक, आणि शेवटी स्वतःच्या गोष्टीचं.

'वेस्ट साइड स्टोरी'त नुसती गीतं लिहायला साँडहाइम तयार नव्हता, त्याला संगीतही द्यायचं होतं. संगीतकार बर्नस्टाइन, लेखक लॉरेंट्स, दिग्दर्शक रॉबिन्स यांच्यासोबत काम करायची संधी सोडू नकोस, हा सल्लाही हॅमरस्टीनचाच. 1960 मध्ये हॅमरस्टीन गेला. त्यानंतर 'कंपनी', 'फॉलीज', 'स्वीनी टॉड' लिहिताना शिष्याने गुरूचा गोड आशावाद बाजूला ठेवला, पण पात्राच्या तोंडून खोटा शब्द जाऊ द्यायचा नाही हा हट्ट तोच. जोनाथन लार्सन, लिन-मॅन्युएल मिरांडा या पुढच्या पिढीतल्या तरुण गीतकार-संगीतकारांची कच्ची गाणी साँडहाइम तसाच कसून तपासायचा. 2009 मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' पुन्हा ब्रॉडवेवर आलं, तेव्हा त्याच्या काही गीतांचं स्पॅनिश मिरांडाने केलं. सहा वर्षांनी त्याचंच 'हॅमिल्टन' रिचर्ड रॉजर्स थिएटरात लागलं.