निकाल वाचायचा कोणी?

अप्रेझलचे दिवस आले की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ऑफिसांमधून व्यक्तिमत्त्व चाचणीच्या निकालाची एक पीडीएफ फिरू लागते. वीस-पंचवीस पानं, रंगीत पट्ट्या, प्रत्येक पट्टीपुढे एक आकडा. दोन वर्षांपूर्वी ऐरोलीत काम करणाऱ्या एका मुलीने अशीच पीडीएफ घरी जाताना लोकलमध्ये मोबाइलवर उघडली आणि ठाणं यायच्या आत मला फोन केला. "ताई, कॉन्शिएन्शसनेसमध्ये मला ३० आलेत. मी नापास झाले का?"

दहावीला ३५ ला पास, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की ३० दिसले की पोटात गोळा येतोच. पण तो आकडा गुणांचा नव्हता, पर्सेंटाइलचा होता. सीईटीमुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे. तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या शंभरांपैकी साधारण तीस जणांच्या ती वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो गट परदेशातल्या व्यवस्थापकांचा होता, हे अहवालाच्या तळाशी बारीक टायपात लिहिलं होतं. कामाची शिस्त आणि नेटकेपणा मोजणारं ते माप तिला समजावून द्यायला कंपनीतलं कोणीही तिच्यासमोर बसलं नव्हतं. मेलमध्ये एकच ओळ होती: ‘आपला अहवाल सोबत जोडला आहे.’

याला केवळ एका एचआर विभागाचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. ज्याची चाचणी घेतली त्याला निकाल नीट सांगायचा असतो, हा विचारच या क्षेत्रात मागाहून आला.

सुरुवात सैन्यात झाली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली सैनिक मनाने कोसळू लागले. तसं कोण कोसळू शकेल हे आधीच ओळखता यावं म्हणून अमेरिकेत १९१७ नंतर रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने शंभरावर प्रश्नांची यादी तयार केली. उत्तर फक्त होय किंवा नाही. ती वापरात येण्याआधीच युद्ध संपलं, पण नमुना मागे राहिला. आज आपण ऑनलाइन भरतो त्या प्रश्नावलीची ही पणजी. तिच्या रचनेतच एक गोष्ट ठरलेली होती: उत्तरं सैनिकाने द्यायची आणि अर्थ वरच्यांनी लावायचा.

आपल्याकडेही हीच वाट आली. १९४३ मध्ये डेहराडूनला सैन्यातल्या अधिकारी निवडीचं मंडळ प्रयोग म्हणून सुरू झालं. पुढे त्यातूनच आजची एसएसबी उभी राहिली. महाराष्ट्रातून एसएसबीला जाणाऱ्या मुलांना विचारा. चित्र पाहून गोष्ट लिहायची, शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं, प्रसंग वाचून काय कराल ते सांगायचं. शेवटच्या दिवशी निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले जातात, बाकीचे बॅगा उचलतात. का नाही झालं, हे कोणी सांगत नाही. निवडीच्या कामात ही गुप्तता समजू शकते, कारण प्रश्न फुटले तर चाचणीच निकामी होईल. पण हीच सवय कारखान्यांत आणि ऑफिसांत शिरली. तिथे माणूस आधीच नोकरीत असतो आणि चाचणी त्याच्या विकासासाठी घेतली असं त्याला सांगितलेलं असतं. तिथे या सवयीला काही आधार उरत नाही.

दुसरी वाट वेगळ्या ठिकाणी फुटली. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता प्रसंग तोच. १९४६ चा उन्हाळा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं न्यू ब्रिटन हे गाव. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी तिथे एक कार्यशाळा घेत होते. विषय होता समाजा-समाजातला तणाव कमी कसा करायचा. दिवसभर गटांत चर्चा चालायच्या आणि निरीक्षक टिपणं काढायचे. संध्याकाळी सहभागी लोक विश्रांती घेत असताना शिक्षक आणि निरीक्षक ती टिपणं समोर ठेवून बोलायचे. एके संध्याकाळी काही सहभागींनी विचारलं, आम्ही बसू का? लेविननी हो म्हटलं. निरीक्षक एका बाईच्या दिवसभरातल्या वागण्याचं वर्णन करू लागला आणि ती मध्येच म्हणाली, नाही, असं झालं नव्हतं. मग तिने आपल्या बाजूने सांगितलं आणि चर्चा वेगळ्याच उंचीवर गेली. पुढच्या संध्याकाळी बसायला येणारे वाढत गेले. लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत गेले. त्याच वर्षी मेन राज्यातल्या बेथेल इथे हे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेलं. यंत्रांच्या भाषेतला ‘फीडबॅक’ हा शब्द माणसांच्या बाबतीत रुळला तो या परंपरेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला प्रत्याभरण म्हणतात, ऑफिसात फीडबॅकच म्हणतात.

त्या बाईच्या ‘नाही’मध्ये सगळं आहे. निरीक्षकाकडे जे नव्हतं ते तिच्याकडे होतं. टिपणाला पहिली दुरुस्ती जिच्याबद्दल ते लिहिलं होतं तिच्याकडूनच आली.

याची उलट बाजूही लवकरच दिसली. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण पडले. कागद सगळ्यांना एकच होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, रॉस स्टॅग्नर यांनी हाच प्रयोग ६८ पर्सोनेल मॅनेजरांवर केला, म्हणजे जे स्वतः चाचण्या विकत घेतात त्यांच्यावर. निम्म्यांनी वर्णन थक्क करणारं अचूक ठरवलं. रविवारच्या पुरवणीत आपली रास वाचताना ‘अगदी माझंच’ वाटतं, तेच इथे मोठ्या कंपन्यांच्या केबिनमध्ये घडलं. म्हणूनच फीडबॅक देऊन झाल्यावर समोरचा "हो हो, बरोबर आहे" म्हणाला तर मी कधी समाधान मानत नाही. कोणत्या प्रसंगात असं झालं, हे विचारते. प्रसंग सांगता आला नाही, तर तो होकार कागदाच्या भारदस्तपणाला दिलेला असतो.

माणसाचा टाइप चार अक्षरांत सांगणाऱ्या एमबीटीआय या चाचणीबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स यांनी ती प्रश्नावली घडवली. तिच्यावरचे आक्षेप खरे आहेत. काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. तरीही तिच्या परंपरेतली एक प्रथा मला मोलाची वाटते: आपला टाइप कोणता, याचा शेवटचा शब्द उत्तर देणाऱ्याचा. ब्रिटनमध्ये चाचण्या वापरणाऱ्यांसाठी तिथल्या मानसशास्त्र संस्थेने पुढे प्रमाणपत्रं आणली. त्यातही निकाल तोंडी समजावून देणं हे शिकायचं कौशल्य मानलं गेलं.

भारतात या वाटेला उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी जागा करून दिली. १९७० च्या दशकाच्या मध्यात लार्सन अँड टुब्रोसाठी काम करताना त्यांनी मूल्यमापनाला फीडबॅक आणि समुपदेशनाची जोड सुचवली. देशातला पहिला एचआरडी, म्हणजे मनुष्यबळ विकास विभाग तिथेच सुरू झाला. तोवर वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या कारखान्यांत वरिष्ठाचा गोपनीय शेरा हाच निकाल असायचा आणि तो वाईट असला तरच कामगाराच्या कानावर जायचा. पुढे त्याच पट्ट्यात महापे, ऐरोली, कोपरखैरणेला काचेच्या इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर परदेशी चाचण्या. पारीक-राव यांनी मांडलेली ती खुर्ची, समोरासमोर बसायची, मात्र अनेक ठिकाणी आली नाही. ठाण्यासारख्या शहरात याचं मला जास्त वाईट वाटतं. इथे १९९० पासून आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याचं काम करते आहे. दहावीनंतर मुलाची चाचणी झाली की आई-वडील समुपदेशकासमोर तास-तासभर बसून शंका विचारतात. तीच माणसं सोमवारी ऑफिसात स्वतःचा निकाल मात्र एकट्याने, फोनच्या पडद्यावर वाचतात.

बोललं की काम झालं, असंही नाही. १९९६ मध्ये क्लुगर आणि डीनिसी या संशोधकांनी फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम चांगला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की फीडबॅकचा उपयोग कमी होतो. व्यक्तिमत्त्वाचा अहवाल तर सगळाच ‘मी’बद्दल असतो. म्हणून बोलणं आकड्यापाशी थांबवायचं नाही, ते कामापर्यंत आणायचं. ‘तू अबोल आहेस’ हे ऐकून कोणी काय करणार? ‘क्लायंट कॉलवर तुझा मुद्दा शेवटी येतो, तो आधी मांडता येईल का’ यावर काही करता येतं.

कायद्याची मदत किती? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. आपली माहिती मागण्याचा हक्क कलम ११ मध्ये आहे, पण तो संमतीने दिलेल्या माहितीशी बांधलेला आहे. नोकरीच्या कारणांसाठी काही माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा कलम ७ मालकाला देतं. म्हणजे अहवाल हाती मिळेल की नाही इथेच वाद होऊ शकतो. कोणी समोर बसून तो समजावून द्यावा, असं तर कायदा म्हणतच नाही.

त्या मुलीला मी शनिवारी घरी बोलावलं. आम्ही प्रश्नावलीतली तिला आठवतील ती वाक्यं काढली. ‘माझ्या वस्तू इकडेतिकडे पडलेल्या असतात’ याला तिने ‘पूर्ण सहमत’ लिहिलं होतं. कळव्याला एका खोलीत सासू-सासरे, दीर, नवरा आणि दीड वर्षांचं बाळ. वस्तूला जागाच नाही. ऑफिसातल्या तिच्या फाइली मात्र ऑडिटवाले आधी मागून घेतात. प्रश्नात घर की ऑफिस, हे लिहिलेलं नव्हतं. तिने खरं उत्तर दिलं होतं.

सोमवारी तिने अहवालाचं ते पान झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं, पट्टीशेजारी पेनाने लिहिलं, ‘ही उत्तरं घर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत’, खाली सही आणि तारीख घातली, आणि मॅनेजरकडे बोलायला अर्धा तास मागितला.