‘फक्त मैत्री’मागची भीती : विदर्भातील खेड्यांची पार्श्वभूमी

विदर्भाच्या खेड्यांत नववी ते बारावीतली अनेक मुले-मुली एकमेकांविषयी ओढ वाटत असूनही ‘आपण फक्त मित्र राहू’ असे ठरवतात. मन दुखावेल ही भीती त्यामागे आहेच, पण तिची मुळे मनाबाहेरही पसरलेली आहेत.

आजी-पणजीच्या पिढीसमोर हा प्रश्न क्वचितच आला. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठेवले; ते 18 व्हायला 1978 साल उजाडले आणि गावात तो कायदा पाळला जायला आणखी वेळ लागला. बालपण आणि संसार यांच्यामधली जी वर्षे आज मुलीच्या वाट्याला येतात, ती तेव्हा जवळपास नव्हतीच. गडचिरोलीतील माडिया गोंडांचे गोटुल, जिथे तरुण मुले-मुली एकत्र जमत, नाचत-गात, हा यातला ठळक अपवाद.

पुढे शाळा वाढल्या, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या मुलींना महाविद्यालयापर्यंत नेऊ लागल्या आणि मुले-मुली रोज एका वर्गात बसू लागली. तरीही त्यांच्या ओळखीला गावाला पटेल असे नाते लागे; म्हणून कित्येक मुलींनी वर्गमित्राला राखी बांधून ‘मानलेला भाऊ’ केले आणि त्या आडोशाने निखळ मैत्री जपली. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा बोलणे जितके सोपे झाले तितकेच खासगी संदेश गावभर फिरणेही.

दुखावले जाण्याचा अर्थ इथे फार जड आहे. मुलीचे नाव कोणाशी जोडले गेले की तिचे शिक्षण थांबवून स्थळे पाहायला सुरुवात होऊ शकते. तक्रार झाली तर 2012 च्या पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली 18 वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि मुलगा गुन्ह्यात अडकू शकतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटात पाठलाग करणाऱ्याने एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले आणि आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. अशा जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलीला होकाराइतकीच नकाराचीही धास्ती वाटली, तर त्यात नवल नाही. म्हणूनच या मुलांच्या निर्णयाला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी आरोग्यक्षेत्रातल्या ‘सर्च’ संस्थेच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांतून या वयाच्या मुलांशी मोकळे बोलण्याची वाट गडचिरोलीतून घालून दिली. बहुतेक गावांत मात्र नकार कसा द्यावा आणि कसा स्वीकारावा, हे घरी कोणी सांगत नाही, शाळेतही नाही. मुले ते मित्र-मैत्रिणींनाच विचारतात.