कुकी आणि कॅश: एक बिल्ला, दुसरी साठवण

एका साइटवर अर्जाची जुनीच मुदत दिसत होती, म्हणून मावशीने मदतीच्या नंबरवर फोन लावला. "कॅश-कुकीज क्लियर करा," असं उत्तर मिळालं. तिने दिसतील त्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि सगळं पुसून टाकलं. नवी मुदत दिसली खरी. पण तिकिटांची साइट, किराण्याची साइट, रोजचं वर्तमानपत्र, सगळीकडून ती बाहेर फेकली गेली. पासवर्ड आठवण्यात दुपार गेली. तिला फक्त कॅश पुसायची गरज होती. कुकींनी काही बिघडवलंच नव्हतं.

हे दोन शब्द कायम जोडीने येतात, त्यामुळे एकाच वस्तूची नावं वाटतात. दोन्ही आपल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम, सफारीसारख्या साइट उघडून दाखवणाऱ्या ॲपमध्ये, राहतात हे खरं, पण कामं अगदी वेगळी आहेत.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो. चपला स्टँडवाल्याकडे असतात. कुकी म्हणजे तो बिल्ला. वेबचा मूळ व्यवहार विसराळू आहे: तुम्ही एक पान मागता, सर्व्हर (साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक) ते देतो आणि पुढच्या क्षणी तुम्हाला ओळखत नाही. अशाने खरेदीची टोपली भरायची कशी? 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने मजकुराचा एक छोटा तुकडा द्यायचा, ब्राउझरने तो जपायचा आणि त्या साइटकडे जाताना दर वेळी परत दाखवायचा. प्रोग्रामर मंडळींत 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून रुळलेला होता, तिथून हे नाव आलं. एक कुकी फार तर साधारण 4 किलोबाइटची, म्हणजे चिठ्ठीएवढीच. ती व्हायरस नाही आणि तुमच्या फाइली उघडून वाचू शकत नाही.

कॅश म्हणजे घरातली साठवण. (उच्चार रोख रकमेच्या कॅशसारखाच, पण पैशांशी संबंध नाही, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणं.) उन्हाळ्यात पापड-कुरडया करून डबे भरून ठेवले, की दर वेळी बाजार गाठावा लागत नाही. ब्राउझरही साइटचा लोगो, चित्रं, अक्षरांचे साचे उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी घरच्याच डब्यातून काढतो. पान लवकर उघडतं, डेटा वाचतो. डब्यातला माल मात्र कधी शिळा होतो: साइटवर बदल झालेला असतो आणि ब्राउझर जुनीच प्रत पुढे करतो. मावशीचं नेमकं तेच झालं.

म्हणजे कॅशमध्ये साइटची आठवण तुमच्याकडे राहते, तर कुकीमुळे साइटला तुमची आठवण राहते. कॅशमधलं चित्र तुमच्या यंत्रावर पडून असतं. कुकी मात्र प्रत्येक खेपेला साइटकडे जाऊन येते. म्हणून खाजगीपणाचा खरा प्रश्न बहुतांशी कुकीशी निगडित आहे, आणि त्यातही परक्या कुकीशी.

एखाद्या बातमीच्या पानावरची जाहिरात बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. येताना ती कंपनी आपला बिल्लाही तुमच्या हातात देते. मग तुम्ही साड्यांच्या साइटवर जाता. तिथेही त्याच कंपनीची जाहिरात किंवा न दिसणारा एखादा ठिपका असतो, आणि तुमचा ब्राउझर तोच बिल्ला दाखवतो. कंपनीला कळतं: बातमी वाचणारी आणि पैठणी पाहणारी व्यक्ती एकच. तुम्ही तिच्या साइटवर पाऊलही टाकलेलं नसतं. मला हे मुळीच पटत नाही. सफारीने 2020 पासून अशा परक्या कुकी आपणहून रोखल्या. क्रोममध्ये त्या बंद करू असं गुगलने त्याच वर्षी जाहीर केलं होतं, पण 2024 मध्ये तो बेत मागे घेतला. तरी क्रोमच्या सेटिंगमध्ये तुम्ही स्वतः त्या बंद करू शकता, आणि त्यामुळे लॉगिन सहसा तुटत नाही.

लॉगिनची कुकी मात्र जपायची गोष्ट आहे. बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला तर चपलाही त्याला मिळतात. पासवर्ड, ओटीपी काही लागत नाही. बँकेची साइट थोड्या वेळाने आपोआप बाहेर काढते ती याचसाठी. सायबर कॅफेत नुसतं पान बंद करू नका, लॉगआउट करा. नीट बांधलेली साइट तेव्हा तो बिल्ला आपल्या वहीतूनही रद्द करते.

तर पुसायचं काय? पान जुनं दिसतंय, चित्रं मोडलीत, मांडणी विस्कटलीय: संशय कॅशवर. संगणकावर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पाहा. तेवढ्या पानापुरता साठा बाजूला ठेवून सगळं ताजं मागवलं जातं. लॉगिन होता होत नाही, पुन्हा पुन्हा त्याच पानावर येताय: संशय कुकीवर. तेव्हाही सगळ्या कुकी उडवू नका. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली की त्या एकाच साइटचा डेटा पुसता येतो. मावशीला आता हे चिन्ह ठाऊक आहे. परवा शेजारच्या काकूंना तिनेच ते दाखवलं.