निर्वाह व उपचार, नाविकांचा हक्क

जहाजाच्या सेवेत असताना आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या नाविकाला जहाजमालकाच्या खर्चाने अन्न-निवारा व औषधोपचार आणि निदान सफर संपेपर्यंतचे वेतन मिळण्याचा सागरी कायद्यातील हक्क. अपघातात दोष कोणाचा, हा प्रश्न येथे गैरलागू असतो. ओल्या डेकवरून नाविक स्वतःच्या बेसावधपणामुळे घसरला, तरी हक्क बुडत नाही. हेतुपुरस्सर गैरवर्तनाने ओढवून घेतलेली दुखापत मात्र वगळली जाते. अमेरिकेच्या न्यायालयांनी या हक्काचा विस्तार सर्वांत तपशिलाने केला असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्या परंपरेला अधिक जागा दिली आहे.

या हक्काचा उगम वादग्रस्त आहे. तो प्राचीन ऱ्होड्झ बेटाच्या सागरी कायद्यापर्यंत नेण्याची प्रथा जुन्या लेखनात आढळते. परंतु रोमन विधिसंग्रहात त्या कायद्याचा जो अंश टिकला आहे, तो प्रामुख्याने वादळात माल समुद्रात फेकावा लागल्यास नुकसानीची वाटणी कशी करावी यासंबंधीचा आहे, आजारी नाविकासंबंधीचा नाही. हक्काचे स्पष्ट रूप प्रथम दिसते ते फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेराँ बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयसंग्रहात. त्यातील सहाव्या कलमानुसार किनाऱ्यावर दारू पिऊन भांडणात जखमी झालेल्याचा भार जहाजावर पडत नाही. जहाजाच्या कामात जखमी झालेल्याचे उपचार मात्र जहाजाच्या खर्चाने करावे लागतात. सातवे कलम आजाराविषयी आहे. आजारी नाविकाला किनाऱ्यावर उतरवून त्याला घर, उजेडासाठी मेणबत्ती, जहाजावर मिळत होते तसे अन्न आणि सेवेसाठी जहाजावरचा एक पोऱ्या किंवा मोलाने ठेवलेली बाई द्यावी, असे त्यात सांगितले आहे. जहाजाने त्याच्यासाठी खोळंबून राहावे, असे बंधन नाही; पण तो बरा झाला तर त्याचे वेतन त्याला आणि दगावला तर त्याच्या पत्नीला किंवा वारसांना मिळावे, असेही कलम सांगते.

हा संग्रह बाराव्या शतकात ॲक्विटेन या फ्रान्समधील प्रांताची स्वामिनी एलिनॉर हिने जारी केला, ही समजूत एत्येन क्लेराक या फ्रेंच वकिलाच्या १६४७ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. काही प्रतींच्या अखेरीस १२६६ हे वर्ष आढळते, तर आज ज्ञात असलेली जुनी हस्तलिखिते साधारणतः चौदाव्या शतकाच्या आरंभीची मानली जातात. अनेक कलमांच्या शेवटी ‘या प्रकरणी हा निर्णय होय’ अशा अर्थाचे पालुपद येते. त्यावरून हा राजाज्ञेने घडलेला कायदा नसून बोर्दोच्या मद्यव्यापारातील तंट्यांवर दिलेल्या निवाड्यांचे संकलन असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास या हक्काची मुळे राजकृपेत नसून बंदरातील रोजच्या व्यवहारात आहेत, ही गोष्ट त्याचे स्वरूप समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

अमेरिकेत न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी १८२३ मध्ये हार्डन विरुद्ध गॉर्डन या खटल्यात हा हक्क ठामपणे मांडला. आजारपणाचा खर्च नाविकाने सोसावा, अशी अट करारात घालण्यात आली होती. अशी अट नीट समजावून सांगितलेली नसेल आणि तिच्या बदल्यात नाविकाला पुरेसा मोबदला दिलेला नसेल, तर न्यायालय ती मानणार नाही, असे स्टोरी यांनी ठरवले. नाविक बहुधा निर्धन व व्यवहारात भाबडा असतो, म्हणून अज्ञान वारसाच्या हिताकडे पाहावे तसे त्याच्या हिताकडे पाहावे, ही त्यांची भूमिका होती. उपचाराचा भार मालकावर असला की नाविकांच्या प्रकृतीची काळजी घेणे त्याच्याच हिताचे ठरते, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद आजही तितकाच खरा आहे.

‘ओसिओला’ जहाजाच्या १९०३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाह, उपचार व वेतन यांचा हक्क मान्य केला आणि जहाज सागरप्रवासास योग्य नसल्यामुळे झालेल्या दुखापतीची भरपाईही मान्य केली. कप्तान वा सहकाऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल मात्र भरपाई नाकारली. ही उणीव १९२० च्या जोन्स कायद्याने दूर केली व नाविकाला मालकाविरुद्ध ज्यूरीपुढे दावा लावण्याची मुभा मिळाली. गोदी कामगारांसाठी १९२७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्यामुळे ‘नाविक’ कोणाला म्हणावे हाच पुढे वादाचा विषय बनला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शँड्रिस निर्णयानुसार कामाच्या वेळेपैकी सुमारे ३० टक्क्यांहून कमी वेळ जहाजाच्या सेवेत घालवणारा कामगार सामान्यतः नाविक ठरत नाही.

‘जहाजाची सेवा’ या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी उदारपणे लावला. रजेवर उतरलेल्या नाविकाला गोदीच्या आवारात झालेली दुखापत १९४३ मध्ये, तर नेपल्समधील नृत्यगृहाच्या सज्जावरून पडून झालेली दुखापत १९५१ मध्ये या हक्कात धरली गेली. हक्काला मर्यादाही आहे. उपचाराने शक्य तेवढी सुधारणा झाली की जबाबदारी संपते. असाध्य विकारासाठी आजन्म निर्वाह मिळत नाही. व्हॉन विरुद्ध ॲटकिन्सन (१९६२) या खटल्यातील क्षयग्रस्त नाविकाने मालकाने दाद न दिल्यामुळे उपचाराच्या काळात टॅक्सी चालवून पोट भरले. त्याची ती कमाई निर्वाहाच्या रकमेतून वजा करता येणार नाही आणि वकिलाचा खर्चही मालकाने द्यावा, असा निर्णय झाला. हेतुपुरस्सर टाळाटाळ करणाऱ्या मालकाकडून दंडात्मक भरपाई घेण्याचा मार्ग २००९ मध्ये मोकळा झाला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला. त्यानुसार मालकाची उपचार व वेतनाची जबाबदारी राष्ट्रीय कायद्याने मर्यादित करता येते, पण ती १६ आठवड्यांहून कमी असू शकत नाही. मृत्यू व दीर्घकालीन अपंगत्वाच्या भरपाईसाठी आर्थिक हमी ठेवण्याविषयीच्या सविस्तर तरतुदी २०१७ पासून लागू आहेत. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला.

रत्नागिरी जिल्ह्यातील आणि गोव्यातील असंख्य घरे पिढ्यानपिढ्या ‘बोटीवर’ जाणाऱ्यांच्या कमाईवर चालली. त्यांच्या दृष्टीने १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे १५ वे कलम महत्त्वाचे ठरले. या कलमाने नाविकांसाठी वेगळी कार्यपद्धती घालून दिली : मृत्यूची वार्ता वारसाला कळल्यापासून एक वर्ष, आणि जहाज सर्व माणसांसह बुडाले असल्यास त्या दिवसापासून अठरा महिने, एवढी दाव्याची मुदत होती. मालक कायद्याने जखमी नाविकाचा निर्वाहखर्च देण्यास बांधील असेल त्या काळात दर पंधरवड्याला द्यावयाची भरपाई मिळत नसे. जुना निर्वाह-हक्क आणि नवी भरपाई यांची सांगड येथे दिसते. २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांविषयीच्या) अधिनियमाखाली मुंबई उच्च न्यायालयासह किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांकडून जहाज अटकवून घेता येते. जहाजावरील धारणाधिकारांत (येणे वसूल होण्यासाठी खुद्द जहाजावर असलेल्या हक्कांत) कप्तान व नाविकांचे वेतन पहिल्या क्रमांकावर, तर जहाज चालवताना झालेली जीवितहानी वा दुखापत दुसऱ्या क्रमांकावर आहे. दुखापतीचा धारणाधिकार सामान्यतः एका वर्षाने संपतो, वेतनाचा दोन वर्षांनी.