वाहन रिकॉल आणि ब्रँड निष्ठा

विकून झालेल्या गाडीत जिवाला धोका होईल असा दोष सापडला की कंपनीने मालकांना कळवायचं आणि तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, याला रिकॉल म्हणतात. आणि गाडी बदलायची वेळ आली की माणूस परत त्याच कंपनीच्या शोरूममध्ये जातो, ती झाली ब्रँड निष्ठा. वरवर बघितलं तर रिकॉल वाढले की निष्ठा कमी व्हायला पाहिजे, पण तसं सरळ होत नाही. अमेरिकेत एका वर्षात सगळ्यात जास्त रिकॉल काढायचा जुना आकडा जनरल मोटर्सचा (जीएम) होता, २०१४ मध्ये ७७, तो फोर्डने २०२५ चं अर्धं वर्ष सरायच्या सुमारासच मागे टाकला, आणि तरी फोर्डची एफ-सिरीज पिकअप, जी १९७७ पासून तिथे सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे, ती पहिल्या नंबरवरून हलली नाही. मग एक तर मालकांना रिकॉलचं काही वाटत नाही किंवा रिकॉलचा आकडा आपण समजतो ते सांगतच नाही. दुसरी गोष्ट जास्त खरी आहे.

रिकॉल निघतो कसा

अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने हे सुरू झालं आणि १९७० पासून एनएचटीएसए ही रस्ते सुरक्षेची सरकारी संस्था ते बघते. जपानमध्ये १९६९ मध्ये रिकॉलची पद्धत आली. भारतात २०१२ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने आपखुशीने नियम केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. अमेरिकेतला नियम असा, की दोष आहे हे ठरल्यावर पाच कामाच्या दिवसांत सरकारला कळवायचं, साधारण साठ दिवसांत मालकांना पत्रं जायला हवीत, आणि गाडी १५ वर्षांपर्यंतची असेल तर दुरुस्ती फुकट. बहुतेक रिकॉल कंपनी स्वतःच काढते, सरकारने जबरदस्तीने काढायला लावलेले कमी असतात, अर्थात सरकार मागे लागलंय हे दिसल्यावर "स्वतःहून" काढलेलेही त्यातच मोजले जातात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, रिकॉल फक्त सुरक्षेच्या दोषासाठी किंवा सरकारी मानक पाळलं नसेल तर असतो. गाडी वाईट आहे, सारखी बिघडते, खिसा रिकामा करते, एवढ्यावरून रिकॉल होत नाही. फोर्डच्या डिझेल ट्रकमधलं २००३ ते २००७ चं ६.० लिटर पॉवर स्ट्रोक इंजिन घ्या, हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर या इंजिनाच्या भागांनी सारखं बिघडून मालकांना रडवलं, पण तो खर्च बहुतांशी रिकॉलमध्ये बसलाच नाही, वॉरंटी संपली की स्वतःच्या खिशातून किंवा मग कोर्टकचेऱ्या. म्हणजे ज्याने ट्रकवाल्यांचे सगळ्यात जास्त पैसे गेले ते रिकॉलची यादी बघून कळणारच नाही. शिवाय कंपन्या डीलरला टेक्निकल बुलेटिन पाठवतात, अमुक तक्रार आली तर तमुक करा म्हणून, ते मालकाला पत्राने येत नाही आणि वॉरंटीबाहेर असेल तर फुकटही नसतं. एखादी कंपनी जे बुलेटिनवर भागवते तेच दुसरी रिकॉल म्हणून जाहीर करते, आणि यादीत वाईट दिसते ती दुसरी.

आकडे शेजारी शेजारी ठेवले की काय होतं

मोजायच्या निदान तीन गोष्टी असतात, रिकॉल किती निघाले, त्यात गाड्या किती, आणि दोष किती गंभीर, पण वाद घालताना लोक हातात येईल तो आकडा उचलतात. टेस्लाने डिसेंबर २०२३ मध्ये ऑटोपायलटसाठी, म्हणजे गाडी चालवायला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी, २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल काढला, आकडा केवढा मोठा, पण दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटने झाली, गाडी घरातून हलवावीही लागली नाही. २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा पिकअप आणि आपल्याच लेक्सस या महागड्या ब्रँडच्या एका मॉडेलच्या मिळून एक लाखाच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, इंजिन बनवताना आत राहिलेल्या धातूच्या कचऱ्याने बेअरिंग खराब होऊन इंजिन चालता चालता बंद पडू शकतं म्हणून, आणि त्यावरचा इलाज निघाला अख्खं इंजिन बदलणं. दोन्ही यादीत "एक रिकॉल" म्हणूनच बसतात.

टकाटा या जपानी कंपनीने बनवलेल्या एअरबॅगचं तर विचारूच नका. त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना ती फुगवणारा भाग, म्हणजे इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. अमेरिकेतच सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, १९ वाहन कंपन्या त्यात आल्या, टकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आता हा दोष कोणाच्या खात्यावर लिहायचा, ती बसवणाऱ्या होंडासारख्या गाडीच्या कंपनीच्या की टकाटाच्या की दोघांच्या? टायर बनवणाऱ्या फायरस्टोनच्या वेळी तर हा प्रश्न उघड भांडणावर गेला. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले, ते बऱ्याच फोर्ड एक्सप्लोररला लावलेले होते, पुढच्या वर्षी फोर्डने आणखी १.३ कोटी टायर बदलायची घोषणा केली, फायरस्टोन म्हणे गाडी उलटते, फोर्ड म्हणे टायर फाटतो, आणि दोघांचं जवळजवळ शंभर वर्षांचं नातं २००१ मध्ये तुटलं. एक्सप्लोरर मात्र पुढची काही वर्षं तिथली सगळ्यात जास्त खपणारी एसयूव्ही राहिली. मालकांनी दोष टायरच्या नावावर टाकला आणि गाडीला माफ केलं.

आणि ते ७७ आणि फोर्डचे विक्रमी आकडे आले कुठून हेही बघायला हवं. २०१४ मध्ये जीएमचं इग्निशन स्विचचं प्रकरण बाहेर आलं, मग दुधाने तोंड भाजल्यावर ताकही फुंकून प्यावं तसं कंपनीने जुनं जुनं सगळं उकरून काढलं आणि त्या एका वर्षात ३ कोटींच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. फोर्डला नोव्हेंबर २०२४ मध्ये रिअर कॅमेऱ्याचा रिकॉल वेळेत न काढल्याबद्दल १६.५ कोटी डॉलरचा दंड ठरला आणि मागच्या तीन वर्षांचे रिकॉल परत तपासायची अट आली, त्याच्या पुढच्याच वर्षी आकडा फुगला. म्हणजे ज्या वर्षी कंपनीचं नाव यादीत सगळ्यात वर आहे त्या वर्षी ती सगळ्यात वाईट वागली असं नसतं, वाईट वागली ती त्याच्या आधीच्या वर्षांत, जेव्हा यादी छान लहान होती. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करायचीच असेल तर दोष कंपनीला कळला कधी आणि मालकाला सांगितला कधी, या दोन तारखांमधलं अंतर बघावं, रिकॉलची संख्या नाही.

ते अंतर मोठं असलं की काय होतं

जीएमच्याच शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या गाड्यांमधला तो स्विच म्हणजे किल्ली फिरवतो तिथला अगदी छोटा भाग, आतली स्प्रिंग हवी तेवढी घट्ट नव्हती. किल्लीला जड जुडगा असेल किंवा गुडघा लागला तर किल्ली चालू गाडीत "रन" वरून मागे "ॲक्सेसरी" वर सरकायची, इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि सगळ्यात भयानक म्हणजे एअरबॅगची वीज गेल्यामुळे धडक झाली तरी ती उघडायची नाही. कंपनीत २००१ पासून, आयन तयार होत असतानाच, याची कुणकुण होती. २००६ च्या सुमाराला स्विच गुपचूप सुधारला पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे जुन्या गाड्यांत हे होतं आणि नव्यांत होत नाही याचं कारण बाहेरच्याला कळायला मार्गच नव्हता. रिकॉल निघाला फेब्रुवारी २०१४ मध्ये. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरवर तडजोड केली.

एवढं होऊनही २०१४ मध्ये जीएमची अमेरिकेतली विक्री आदल्या वर्षापेक्षा वाढली. कोबाल्ट आणि आयन तोवर बंद झालेली मॉडेलं होती, जीएमचा नवीन सिल्वराडो पिकअप घेणाऱ्याला त्यांच्याशी घेणंदेणं नव्हतं, आणि रिकॉलसाठी शोरूमला आलेल्यांना नव्या गाडीवर सूटही मिळत होती. निष्ठा टिकली म्हणजे कंपनी चांगली वागली असा अर्थ काढायचा नाही, हे या प्रकरणातून जेवढं दिसतं तेवढं कशातूनच दिसत नाही.

ट्रकच्या जगात जपानच्या मित्सुबिशीचं प्रकरण असंच. २००० मध्ये उघड झालं की कंपनी दोन दशकांहून जास्त काळ तक्रारी सरकारपासून लपवत होती. २००२ मध्ये योकोहामात त्यांच्या ट्रकचं चाक निखळून एक बाई ठार झाली, कंपनी म्हणत राहिली की मालकांनी देखभाल नीट केली नाही, चाक ज्यावर बसतं त्या हबमध्येच दोष आहे हे २००४ मध्ये मान्य केलं आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली. ट्रकमालकावर ढकलणं हा यातला सगळ्यात संतापजनक भाग आहे, कारण दोष त्याच्या देखभालीत नव्हता, हबमध्येच होता.

उलट बाजूला लेक्सस. ब्रँड बाजारात येऊन काही महिनेच झाले होते, डिसेंबर १९८९ मध्ये एलएस ४०० मध्ये दोष निघाला, तेव्हा विकलेल्या सगळ्या, म्हणजे ८,००० च्या आसपास गाड्या त्यांनी मालकांच्या दारातून नेल्या, दुरुस्त करून धुऊन टाकी भरून परत आणून दिल्या. सॅटर्नने १९९१ मध्ये चुकीच्या कूलंटमुळे खराब झालेल्या १,८३६ गाड्या दुरुस्त न करता सरळ बदलूनच दिल्या. दोन्हीकडे मालक आधीपेक्षा जास्त चिकटले, कारण चूक झाल्यावर कंपनी कशी वागते हे त्यांना स्वतःच्या दारात बघायला मिळालं. पण हे जमलं कारण गाड्या हजारांत होत्या, लाखांत असत्या तर पार्टच मिळाले नसते, आणि पार्ट यायची वाट बघत महिनोन्महिने बसणं हेच आजच्या रिकॉलमधलं मालकांचं खरं दुखणं आहे.

ऑडीचं उदाहरण वेगळंच आहे आणि जरा अन्यायाचं. १९८६ मध्ये टीव्हीवर दाखवलं गेलं की ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते, अमेरिकेतली विक्री १९८५ च्या ७४ हजारांवरून १९९१ मध्ये १२ हजारांवर आली. १९८९ मध्ये एनएचटीएसएने सांगितलं की बहुतेक वेळा चालकाचा पाय चुकून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. तोवर गिऱ्हाईक गेलं होतं.

ट्रकवाले कारवाल्यांपेक्षा जास्त का टिकतात

ट्रकमालकांची निष्ठा सर्व्हेंमध्ये कायम जास्त दिसते, अमेरिकेत फोर्डचे ट्रकवाले साठ टक्क्यांहून जास्त वेळा परत फोर्डच घेतात असं अलीकडची काही वर्षं सलग दिसतंय. याचं कारण सगळं प्रेमच असतं असं नाही. मोठ्या पिकअपमध्ये पर्यायच चार-पाच, निसान टायटनही २०२४ नंतर बंद झाली. ट्रकला लावलेली टूलबॉक्स, रॅक, कव्हर दुसऱ्या कंपनीच्या पिकअपच्या मागच्या हौद्याला बसत नाहीत. चार-पाच ट्रक असलेल्याला एकाच कंपनीचे फिल्टर आणि एकच ओळखीचा मेकॅनिक हवा असतो. आणि बऱ्याच जणांची निष्ठा कंपनीपेक्षा इंजिनाशी असते, कमिन्स या इंजिन कंपनीचं डिझेल इंजिन डॉजच्या ट्रकमध्ये १९८९ मध्ये आलं, डॉजचं नाव जाऊन रॅम झालं तरी ती माणसं कमिन्सच्या मागेच राहिली.

म्हणूनच इंजिनाचा रिकॉल ट्रकवाल्याला जिव्हारी लागतो. जीएमच्या ६.२ लिटर व्ही८ चा एप्रिल २०२५ चा रिकॉल बघा, अमेरिकेत जवळपास ६ लाख ट्रक आणि एसयूव्ही, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचे दोष. तपासणीत नापास झालेल्यांचं इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं, आणि जे पास झाले त्यांना आधीपेक्षा जाड ०डब्ल्यू-४० ऑइल, नवीन फिल्टर, नव्या ग्रेडचं तेलाचं झाकण आणि मॅन्युअलमध्ये घालायला एक पान. जो माणूस या ट्रकला मागे ट्रेलर लावून डोंगर चढतो त्याला झाकण बदलून समाधान कसं होणार, त्याचा प्रश्न साधा आहे, माझं इंजिन चांगलं आहे की अजून फुटलं नाही एवढंच? धंद्याच्या ट्रकला तर पार्ट फुकट मिळाला तरी ट्रक उभा राहिलेल्या दिवसांची कमाई कोणी देत नाही, त्यामुळे असे मालक रिकॉलचं पत्र आलं तरी कामाचा जोर ओसरेपर्यंत जात नाहीत.

मोजणीत न येणारे मालक

ब्रँड निष्ठा मोजतात ती मुख्यतः नवीन गाडीच्या नोंदणीवरून किंवा एक्स्चेंजवरून, त्यामुळे जुनी गाडी घेणारे त्यात जवळजवळ नसतातच, आणि रिकॉलचा धोका सगळ्यात जास्त त्यांच्याच डोक्यावर असतो. अमेरिकेत रिकॉल झालेल्या गाड्यांपैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांशच दुरुस्त होतात, आणि गाडी जितकी जुनी तितकं प्रमाण कमी, कारण गाडी हातोहात फिरली की पत्र आताच्या मालकापर्यंत पोचतंच असं नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून रिकॉल दुरुस्त केल्याशिवाय गाडी देता येत नाही, पण जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरवर तसं केंद्रीय बंधन नाही. २००६ च्या सुमारे २,९०० फोर्ड रेंजर पिकअपबद्दल २०१८ च्या सुरुवातीला "चालवूच नका" असं सांगायची वेळ आली, टकाटाच्याच एअरबॅगमुळे, तेव्हा ते ट्रक बारा वर्षांचे होते. १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक टाकून गाडीवर रिकॉल बाकी आहे का हे तिथे २०१४ पासून ऑनलाइन बघता येतं, पण त्यात फक्त न झालेली दुरुस्ती दिसते, आधी काय काय होऊन गेलं ते विकणाऱ्याकडून सर्व्हिसचे कागद मागूनच कळतं.