अब्जांश पदार्थांचे पृष्ठभाग आणि आंतरपृष्ठे

लांबी, रुंदी व जाडी यांपैकी निदान एक माप साधारण १ ते १०० नॅनोमीटर असलेल्या पदार्थांना अब्जांश पदार्थ म्हणतात. त्यांचे वर्तन मुख्यतः पृष्ठभाग आणि आंतरपृष्ठ, म्हणजे दोन पदार्थ जिथे भिडतात ती सीमा, ठरवते.

१ सेंमी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. असते. तोच घन १ नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौ. मी. भरते. अणू मोजले की हा बदल अधिक ठळक होतो. सुबक रचलेल्या ३०९ अणूंच्या पुंजक्यात १६२ अणू पृष्ठभागावर असतात, ५५ अणूंच्या पुंजक्यात ४२, तर १३ अणूंच्या पुंजक्यात एकच अणू आत उरतो. सोन्याच्या स्फटिकात आतल्या अणूला १२ शेजारी असतात. पृष्ठभागावर ८ किंवा ९, कडांवर व कोपऱ्यांवर त्याहूनही कमी. बंध अपुरे राहिलेल्या या अणूंची ऊर्जा जास्त असते आणि ते सहज हलतात, सहज अभिक्रिया करतात.

त्यामुळे वितळबिंदू उतरतो. १९५४ मध्ये ताकागी यांनी शिसे, कथिल व बिस्मथ यांच्या पातळ थरांत ही घट पाहिली. सोने एरवी १,०६४° से.ला वितळते, त्याचे २-३ नॅनोमीटरचे कण कित्येकशे अंश आधीच वितळतात. पण ‘कण लहान, म्हणून वितळबिंदू कमी’ हे विधान अपुरे आहे. इंडियमचे कण ॲल्युमिनियममध्ये असे बसवले, की दोन्हींच्या अणूंच्या ओळी सीमेवर जुळतील, तर ते नेहमीच्या वितळबिंदूच्या वर तापवूनही घन राहतात. सीमा विस्कळीत असेल, तर तेच इंडियम लवकर वितळते. म्हणून कणाच्या आकारासोबत त्याला काय भिडले आहे, हेही नेहमी पाहावे लागते.

उत्प्रेरणातही, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया वेगवान करण्यातही, हेच दिसते. निष्क्रिय मानलेल्या सोन्याचे सूक्ष्म कण धातूंच्या ऑक्साइडांवर बसवले, तर कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण ०° से.च्या बऱ्याच खाली घडते, हे मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले. सोने व ऑक्साइड जिथे मिळतात ती कड यात विशेष क्रियाशील मानली जाते.

क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश देणारे अर्धवाहकाचे अब्जांश कण, यांमध्ये प्रकाशाचा रंग आकारावर अवलंबून असतो, पण तेज पृष्ठभागावर. कॅडमियम सेलेनाइडच्या उघड्या कणावरचे अपुरे बंध इलेक्ट्रॉन अडकवतात आणि ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. झिंक सल्फाइडचे पातळ कवच चढवले की कण लखलखीत होतो. धातूंचे स्फटिककण बारीक केले, तर कणसीमा, म्हणजे शेजारच्या स्फटिककणांमधल्या सीमा, वाढून धातू कठीण होतो. मात्र साधारण १०-२० नॅनोमीटरच्या खाली सीमाच घसरू लागतात आणि तो पुन्हा मऊ पडू शकतो.

सर्वांत विलक्षण उदाहरण ऑक्साइडांचे. लँथॅनम ॲल्युमिनेट आणि स्ट्राँशियम टायटॅनेट हे दोन्ही विद्युत् निरोधक. ओहतोमो व ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवले, की त्यांच्या आंतरपृष्ठावरून वीज वाहते. टायटॅनेटवर ॲल्युमिनेटचे तीन एकक-थर (स्फटिकाच्या सर्वांत लहान पुनरावृत्त घटकाइतक्या जाडीचे थर) असेपर्यंत वहन नसते, चौथा चढताच ते सुरू होते. ध्रुवीय (आलटून-पालटून धन व ऋण भाराच्या) थरांमुळे सरकलेला विद्युत् भार, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा आणि सीमेवर मिसळलेले अणू ही त्याची कारणे मांडली जातात. यांतले कोणते किती प्रभावी, हे थर कसा वाढवला यावर बदलते.